मध्यम एटीव्हीला मोठे मड टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरगाचा पाऊस लागला की हे प्रश्न यायला सुरुवात होते. गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोड्याचे बागायतदार विचारतात, आणि रविवारी चिखलात गाडी घालणारे हौशी लोकही विचारतात. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत, तरी गाड्या बऱ्याचदा त्याच असतात. एटीव्ही म्हणजे कच्च्या वाटांसाठीची हँडलवाली चारचाकी. इथे मध्यम एटीव्ही म्हणजे ४०० ते ५७० सीसीची, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, तीनशे किलोच्या आगेमागे वजनाची गाडी धरली आहे. तुमची गाडी याहून लहान असेल तर थेट प्रश्न १९ वाचा.

१. टायरवर २५×८-१२ असं लिहिलंय. कोणता आकडा कशाचा?

पहिला आकडा टायरच्या उंचीचा, दुसरा रुंदीचा, तिसरा रिमचा, आणि तिन्ही इंचांत. या वर्गातल्या बऱ्याच गाड्या कारखान्यातून पुढे २५×८-१२ आणि मागे २५×१०-१२ घेऊन येतात. काही होंडा गाड्यांना २४ इंची टायर असतात, म्हणून आधी स्वतःच्या गाडीचा टायर वाचा. छापील उंचीवर फार विसंबू नका. २७ छापलेला टायर हवा भरून गाडीखाली गेला की कधी साडेसव्वीसच भरतो. मोजपट्टी घेऊन दुकानात गेलेलं बरं.

२. कारखान्याचे टायर चिखलात चालतच नाहीत का? बदलायलाच हवेत का?

चालतात. नक्षी शिल्लक असेल, हवा बरोबर असेल (प्रश्न १०) आणि चारही चाकांची ओढ वेळेत चालू केली, तर कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) बहुतेक वाटा ते काढतात. कुळागरात मोठे लग, म्हणजे रबरी ठोकळे, असलेला टायर उलट त्रासच देतो. माडाची आणि पोफळीची मुळं जमिनीत फार खोल जात नाहीत. जागेवर फिरणारं चाक ती सोलून काढतं, आणि पुढच्या पावसात त्याच चरातून पाणी वाहायला लागतं. शिंपणाचे पाइप फुटतात ते वेगळंच.

गाडी वारंवार पोटावर बसत असेल, किंवा रोजच्या वाटेवर चिखल वीतभराहून खोल असेल, तर मोठ्या टायरचा विचार करा. नुसतं चाक घसरतंय एवढीच तक्रार असेल तर २५ इंचीच, पण जरा उंच लग असलेला टायर घ्या. त्यात गाडीच्या बाकी कशालाही हात लावावा लागत नाही.

३. मग किती मोठे? २६, २७ की २८?

२६ इंची टायर बहुतेक गाड्यांवर काहीही न बदलता बसतात आणि इंजिनाची ओढ चाकांकडे नेणाऱ्या बेल्टलाही फारसा फरक कळत नाही. २७ ही मध्यम गाडीची व्यवहारातली मर्यादा. बसतात, पण लो गिअर वापरायची शिस्त हवी, आणि काही गाड्यांत मडगार्डची आतली कड थोडी घासते. २८ इंचांसाठी क्लचमध्ये बदल करावा लागतो, आणि बऱ्याच गाड्यांना सांगाडा उचलणारं लिफ्ट किटही लागतं. ५७० सीसीच्या खालच्या गाडीला २८ लावणं मला पटत नाही. फोटोत गाडी रुबाबदार दिसते, चढावर मात्र दमते.

उंचीपेक्षा वजन जास्त महत्त्वाचं आहे, आणि तेच कोणी विचारत नाही. कारखान्याचा २५ इंची टायर साधारण आठ-नऊ किलोचा असतो. खोल लगांचा २७ इंची टायर १३ ते १६ किलोपर्यंत जातो. चार चाकांचे मिळून वीस ते तीस किलो वाढतात, आणि हे वजन कॅरिअरवरच्या पोत्यासारखं निवांत बसून राहत नाही. ते प्रत्येक वेळी फिरवावं लागतं आणि फिरतं ते थांबवावंही लागतं. दोन २७ इंची टायरांत निवड करायची वेळ आली तर हलका घ्या.

४. टायर दोन इंचांनी उंच घेतला की गाडीही दोन इंच वर जाते ना?

नाही, एकच इंच. अ‍ॅक्सल म्हणजे चाकांचा दांडा, तो चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून वाढीव उंचीचा अर्धाच भाग खाली मिळतो. २५ वरून २७ वर गेलात की पोटाखाली अडीच सेंटीमीटर जागा वाढते. ज्या गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो त्यांत सगळ्यात खालचा भाग तोच असतो. लिफ्ट किटने सांगाडा वर जातो, अ‍ॅक्सल आहे तिथेच राहतो. तो वर घ्यायला मोठ्या टायरशिवाय इलाज नाही. अशा गाडीला टायरचा खर्च लिफ्ट किटपेक्षा सार्थकी लागतो.

५. रुंद टायर घ्यावा की अरुंद? एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं.

दोघेही बरोबर असतील, कारण त्यांचे चिखल वेगळे आहेत. टायर निवडण्याआधी चिखलाला तळ आहे का ते बघा. बांबूची काठी घेऊन चाकाच्या वाटेत तीन-चार ठिकाणी खुपसा. वीत-दीड वीत आत जाऊन ठक्क लागली तर खाली जांभा किंवा घट्ट मुरूम आहे. इथे अरुंद टायर जिंकतो, कारण तो चिखल कापत खाली उतरतो आणि कडक तळाला धरतो. रुंद टायर वरच्या पातळ चिखलावर तरंगतो आणि डोंगरउतारावर गाडी आडवी सरकते. सत्तरी, सांगे, केपे इकडच्या तांबड्या वाटा बहुतेक याच जातीच्या. पुढे ९ आणि मागे १० किंवा ११ इंच रुंदी पुरे, मागे १२ इंची घेऊ नका.

भातशेतात वर गुडघाभर रबडी असली तरी वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाली एक घट्ट थर तयार झालेला असतो. तिथेही अरुंद टायर चालतो, पण लावणी झालेल्या शेतात आणि मेरेवर (बांधावर) गाडी घालू नका. मेर एकदा फुटली की शेजाऱ्याचं पाणी तुमच्यात आणि तुमचं त्याच्यात.

खाण भागात, म्हणजे डिचोली आणि सांग्याच्या काही पट्ट्यांत, पावसाबरोबर बारीक गाळ वाहून येतो. तो खोल नसतो, पण चिकट असतो आणि लगांच्या मधल्या फटी लिंपून टाकतो. तिथे रुंदीपेक्षा लगांमधलं अंतर पाहा (प्रश्न ६). खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांवर गाडी चढवू नका, पावसात ते कधी सुटतील याचा नेम नाही.

काठी हातभर आत गेली आणि तळ लागलाच नाही, तर बहुधा तुम्ही खाजनाजवळ, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीजवळ, आहात. त्याचं उत्तर प्रश्न १७ मध्ये.

६. लग जितके उंच तितकं चांगलं का?

हौसेसाठी हो, कामासाठी नाही. टायरवरचे हे रबरी ठोकळे २५ ते ३० मिलिमीटर उंच असले की गोव्यातल्या बहुतेक चिखलाला पुरतात. ५० मिलिमीटरचे लग पूर्ण वेगाने खड्ड्यात घुसणाऱ्यांसाठी आहेत. कठीण वाटेवर ते हँडलला सतत थरथर देतात आणि झिजतातही लवकर.

उंचीपेक्षा दोन लगांमधली जागा नीट पाहा. तिथे दोन-तीन बोटं सहज मावायला हवीत, आणि तळाशी कोपरा काटकोनी नको, गोलसर उतरता हवा, म्हणजे चिखल तिथे धरून बसत नाही. चाक जोरात फिरलं की चिखल आपोआप भिरकावला जातो, पण लो गिअरमध्ये, मागे काजूची किंवा नारळांची ट्रॉली जोडून तुम्ही माणसाच्या चालीने जाता तेव्हा तेवढा वेग मिळतच नाही. म्हणून सावकाश काम करणाऱ्याला मोकळ्या लगांचा टायर जास्त गरजेचा आहे. दुकानदार हे सांगत नाहीत.

७. मोठे टायर लावल्यापासून गाडी ओढत नाही आणि बेल्टचा जळका वास येतो. काय करू?

आधी थांबा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन थोडा वेळ चालू राहू द्या, म्हणजे बेल्टच्या पेटीतली गरम हवा बाहेर जाईल. वास येत असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलात तर बेल्टवर एका जागी चट्टा पडतो, आणि मग हळू चालवताना दर फेरीला धप्प धप्प असा धक्का जाणवतो. असा बेल्ट बदलावाच लागतो.

कारण साधं आहे. २५ इंची चाक एका फेरीत जवळपास दोन मीटर जातं, २७ इंची सुमारे दोन मीटर पंधरा सेंटीमीटर. म्हणजे तुम्ही नकळत गाडीचा गिअर आठ टक्क्यांनी उंच केलात, वर चाकांचं वजन वाढवलंत. सीव्हीटीमध्ये, म्हणजे या बेल्टवाल्या गिअरव्यवस्थेत, दोन पुली बेल्टला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. चाक चिखलात अडकलं की पुली फिरते, बेल्ट जागेवर घासतो आणि तापतो.

पहिला उपाय फुकट आहे: चिखल, चढ, ओझं किंवा मागे हटताना लो गिअर. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या आत काम चालू असेल तर लोच. गोव्यातल्या जळालेल्या बेल्टांपैकी बरेचसे हाय गिअरमध्ये चिखलाशी कुस्ती केल्याने गेलेले असतात, टायर त्यात निमित्तमात्र. दुसरा उपाय म्हणजे क्लच किट: पुढच्या पुलीत हलकी वजनं आणि जोडीला योग्य ताकदीची स्प्रिंग. त्यामुळे इंजिन जास्त फेऱ्यांवर असतानाच बेल्टची पकड बदलते आणि हरवलेली ओढ बरीचशी परत येते. २६ ला याची गरज नसते, २७ ला लावलेलं चांगलं, २८ ला लावायलाच हवं.

होंडा रँचरसारख्या गाडीत बेल्ट नसतोच, गिअरच असतात. तिथे हा ताण क्लचवर जातो. बेल्टचा जळका वास येणार नाही, पण चढावर क्लच सुटू लागेल.

८. बजेट कमी आहे. सध्या मागचे दोनच मोठे टाकले तर चालेल का?

नाही चालणार. चारही चाकांची ओढ पुढच्या-मागच्या उंचीच्या ठरावीक प्रमाणावर बेतलेली असते. पोलारिसच्या गाड्यांत मागची चाकं पुढच्यांपेक्षा काही प्रमाणात जास्त फिरू लागली की पुढची ओढ आपोआप लागते. मागे मोठा टायर म्हणजे मागच्या फेऱ्या कमी, म्हणजे पुढची ओढ उशिरा, तोवर गाडी रुतलेली. उलट केलंत, म्हणजे पुढे मोठे आणि मागे लहान, तर ती नको तेव्हा लागते आणि कठीण वाटेवर गाडी अडखळते. ज्या गाड्यांत पुढची-मागची ओढ घट्ट जोडलेली असते तिथे दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि शेवटी गिअर किंवा जॉइंट जातो. चारही एकदम बदला, नाहीतर थांबा. रुंदी पुढेमागे वेगळी असली तरी हरकत नाही, उंची एकच ठेवा. कारखान्यानेच वेगळी दिली असेल तर तेच प्रमाण राखा.

९. मडगार्डला किंवा पायरीला घासेल का? विकत घेण्याआधी कसं कळणार?

गाडी सपाट जागी उभी करा. मागे दोन जाडजूड माणसं बसवा, म्हणजे सस्पेन्शन दबेल. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि टायरपासून सगळ्यात जवळच्या भागापर्यंत अंतर मोजा. मग दुसऱ्या बाजूला. पायरीचा पुढचा कोपरा आणि मडगार्डची आतली मागची कड या दोन जागा बहुधा आधी लागतात. उंचीतल्या फरकाचा अर्धा भाग या अंतरातून वजा करा. त्यानंतर बोटभर जागा उरत नसेल तर तो टायर घासणार. चिखल भरला की टायर आणखी जाड होतो हेही धरा.

जागा करण्यासाठी चाकामागे जाड चकत्या (स्पेसर) लावून चाकं बाहेर घेतात. त्याने गाडी उतारावर स्थिर वाटते हे खरं, पण बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि बाहेर गेलेलं चाक वळताना मडगार्डच्या कडेला नव्याने लागू शकतं. मी तरी आधी प्लास्टिकची कड हीट गनने वाकवून बघायला सांगेन.

१०. हवा किती भरायची? पंपावर तर तीस भरून देतात.

पंपावर भरूच नका. मध्यम एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण ४ ते ६ पीएसआय हवा असते, काही गाड्यांत त्याहूनही कमी. नेमका आकडा गाडीवरच्या लेबलवर आणि माहितीपुस्तिकेत असतो. मोटारीच्या टायरसाठी बनवलेल्या मीटरवर पाचच्या खालचा काटा म्हणजे नुसता अंदाज. शून्य ते दहा किंवा पंधरा पीएसआय दाखवणारा कमी दाबाचा गेज वेगळा मिळतो, तो गाडीच्या पेटीत ठेवाच. एक पीएसआयचा फरक या टायरांत अगदी जाणवतो: चारवर साइडवॉल (टायरची बाजू) किंचित फुगून लग पसरतात आणि जमीन धरतात, आठवर गाडी चेंडूसारखी उडते.

मोठ्या टायरसाठी सुरुवात कारखान्याच्या आकड्यापासून करा. जास्त प्लायचा (थरांचा) टायर मुळातच कडक असतो, तो अर्धा-एक पीएसआय कमी चालतो. मात्र फार कमी केलीत तर जांभ्याच्या धारेवर रिम आपटते, आणि आडव्या उतारावर टायर रिमवरून सुटतो. नवा टायर रिमवर बसवताना पंक्चरवाला मोठा दाब देतो. त्याची कमाल मर्यादा साइडवॉलवर छापलेली असते. ती त्याला आधी वाचून दाखवा आणि ओलांडू देऊ नका. टायर बसला की लगेच हवा खाली आणायची.

११. १४ इंची रिम घेतली तर चांगली दिसते. घेऊ का?

कामाच्या गाडीला नको. २७ इंची टायरला १२ ची रिम असेल तर साइडवॉल उंच राहते, दगडावर दबते आणि धक्का गिळते. १४ ची रिम वळणावर घट्ट वाटते, पण जांभ्यावर लवकर वाकते.

१२. काजूच्या खुंटांनी टायर फाटतात. सहा प्लाय घेऊ की आठ?

सहा. तोडलेल्या रानाचे आणि बांबूचे तिरके खुंट बहुतेक वेळा साइडवॉलमध्ये घुसतात, म्हणून घेताना बाजूची जाडी दाबून पाहा. आठ प्लायचा टायर जड असतो आणि त्याचा भुर्दंड प्रश्न ७ मध्ये लिहिलाच आहे. मधल्या पट्ट्यातलं पंक्चर ट्यूबलेसच्या दोरीने निघतं. साइडवॉलची दोरी फक्त घरी पोचण्यापुरती.

१३. टायरवर बाण आहे. उलटा बसला तर काय होतं?

नक्षी चिखल बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढते. चारही टायर रिमवर चढवण्याआधी डावे-उजवे लावून जमिनीवर मांडा आणि मगच पंक्चरवाल्याच्या हाती द्या.

१४. मोठे टायर लावल्यावर व्हाळातून (ओढ्यातून) जास्त खोल पाण्यात जाता येईल ना?

एखाद-दुसऱ्या इंचाने. हवेच्या आणि बेल्टच्या पेटीच्या नळ्या आहेत तिथेच असतात. बेल्ट भिजला की घसरतो आणि गाडी पाण्यातच उभी राहते. शिवाय मोठ्या टायरमध्ये हवा जास्त, म्हणून खोल पाण्यात गाडी हलकी होऊन तरंगू लागते आणि चाकांची पकड सुटते. पाणी वाहतं असेल तर ते गाडीला आडवी करतं. आषाढात सत्तरीतले व्हाळ तासाभरात चढतात, वर घाटात पाऊस पडलेला तुम्हाला दिसतही नाही. पाणी लाल आणि वेगाचं असेल तर गाडी अलीकडे ठेवा.

१५. पावसाळा संपल्यावर हेच टायर ठेवले तर?

चालतात, पण झिजतात. मार्च ते मे काजूच्या हंगामात कातळावर आणि कडक वाटांवर मऊ रबराचे उंच लग कडेने तुटू लागतात. जमत असेल तर जुने टायर जुन्या रिमवरच ठेवा, नवे टायर नव्या रिमवर घ्या आणि वर्षातून दोनदा चाकंच बदला. एकच जोडी ठेवायची असेल तर मध्यम उंचीच्या लगांचे टायर घ्या.

१६. स्पीडोमीटर चुकतो का?

हो, कमी दाखवतो. २७ इंची टायरवर काटा ५० वर असेल तेव्हा तुम्ही ५४ च्या आसपास असता. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात, त्यामुळे सर्व्हिस थोडी आधी करा.

१७. आमचं शेत खाजनात आहे. तिथे कोणता टायर?

खाजनात टायरवर पैसे घालू नका. तो भरती-ओहोटीच्या पाण्याने साठलेला मऊ गाळ आहे, अरुंद टायरला तिथे तळ सापडत नाही. रुंद टायर हवा कमी करून थोडा वेळ वर राहतो, पण थांबलात की बसतोच. मोठे लग तर गाडीला खाली खणत नेतात. गाडी बांधावरच ठेवा, आणि तेही बांध सुका असताना. बांध आणि मानस (पाण्याची झडप) साऱ्या गावाचं पाणी सांभाळतात, चाकाच्या चराने बांधाला भगदाड पडलं तर खारं पाणी आत येतं आणि शेत पुढची काही वर्षं कामातून जातं.

तरी रुतलीच तर चाक फिरवत बसू नका. पुढे-मागे झुलवूनही हलत नसेल तर इंजिन बंद करा, फळ्या किंवा माडाची चुडतं (झावळ्या) चाकाखाली सारा आणि विंच किंवा दोर सरळ रेषेत ओढा. बाहेर आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या गाळाने ब्रेक आणि बेअरिंग महिनाभरात गंजतात.

१८. या टायरांवर किनाऱ्यावर, अभयारण्यात किंवा रस्त्यावर गाडी नेता येते का?

किनाऱ्यावर नाही. गोव्यात वाळूवर वाहन चालवायला बंदी आहे आणि पोलीस कारवाई करतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तर सागरी कासवं अंडी घालतात. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. रस्त्याचं म्हणाल तर बहुतेक एटीव्हींची नोंदणीच होत नाही, त्या खाजगी जागेपुरत्याच. ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित केलेली पोलारिसची ५७० सीसी गाडी भारतात विकली गेली आहे. तुमची गाडी अशी नोंदणीकृत असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. टायरचा आकार बदलण्याआधी आरटीओकडून लेखी विचारून घ्या.

१९. माझी गाडी ११० किंवा १२५ सीसीची आहे. तिला २५ इंची मड टायर बसेल का?

नाही. रिम लहान, ब्रेक लहान, इंजिनात तेवढा दम नाही. आहे त्याच मापात चांगल्या नक्षीचा टायर घ्या.

२०. टायर बाहेरून मागवतोय, किंवा जुन्या साठ्यातला स्वस्तात मिळतोय. काय बघू?

साइडवॉलवर चार आकड्यांची तारीख असते. २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात पडून राहिलेलं रबर कडक होतं, आणि ओल्या जांभ्यावर ते लगेच कळतं. लगांच्या मुळाशी अंगठ्याने दाबून बारीक चिरा दिसतात का ते पाहा. दिसल्या तर स्वस्तातही घेऊ नका.

२१. जुनी ५७० घेतोय, आधीच्या मालकाने २८ इंची टायर आणि लिफ्ट किट लावलेलं आहे. घ्यावी का?

घेता येईल, पण गाडी बघायला जाताना टायरकडे शेवटी बघा. आधी बेल्टची पेटी उघडायला लावा: बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर तो जळून झालाय. क्लच किट बसवलंय का ते विचारा. नसेल तर ही गाडी २८ इंची टायर कारखान्याच्या क्लचवर ओढत आलेली आहे. मग चारही चाकांच्या सीव्ही जॉइंटचे (चाकाला फिरवणाऱ्या लवचिक सांध्यांचे) रबरी बूट, म्हणजे आवरणं, बघा. लिफ्टमुळे अ‍ॅक्सल तिरपे होतात आणि बूट घडीवर फाटतात, फाटक्या बुटातून चिखल आत गेला की जॉइंट फार काळ टिकत नाही. चाक वर आणि खाली धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. मोकळ्या जागी हँडल पूर्ण वळवून गोल फिरवा, टक् टक् आवाज आला तर जॉइंट आतून खाल्लेला आहे. किलोमीटरच्या आकड्यात बारा टक्के मिळवा. आणि मूळ २५ इंची चाकं मालकाकडे पडलेली असतील तर ती गाडीबरोबरच मागून घ्या, नसतील तर तेवढी किंमत कमी करून मागा.